तिसरी प्लेलिस्ट

(वर्षावास प्रवचनमालेतील रविवारच्या प्रवचनाचे शब्दांकन)



आदरणीय उपासक-उपासिका, आणि मागच्या ओळीत बसून टेबलाखाली फोन बघणाऱ्या माझ्या बालमित्रांनो, आजचे प्रवचन तुमच्या त्या फोनबद्दलच आहे. त्यामुळे तो खिशात ठेवला नाही तरी चालेल. फक्त अर्धा तास पालथा ठेवा.

वर्षावासात आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे क्रमाने वाचन करतो. मोठ्यांचे वाचन सुरू असताना मुलांचा वर्ग शेजारच्या खोलीत भरतो. मागच्या महिन्यात मी मुलांना सांगितले की, पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक गाणे आणायचे, सर्वांना ऐकवायचे आणि ते का आवडते ते सांगायचे. वरवर पाहता हा खेळ होता. पण माझ्या मनात असे होते की, आपल्या मुलांना काय जवळचे वाटते आणि ती स्वतःला कोण समजतात, हे या निमित्ताने कळेल. सरळ विचारले तर मुले सांगत नाहीत. गाण्याबद्दल विचारले तर सांगतात.

अकरा मुले आली. एकाने लंडनच्या ड्रिल संगीतातले गाणे लावले. दोघींनी बीटीएसची कोरियन गाणी आणली होती. एकाने अरिजित सिंग, एकीने 'सैराट'मधले अजय-अतुलचे गाणे. एक मुलगा 'निर्वाना' लिहिलेला टी-शर्ट घालून आला होता. क्षणभर मला वाटले, धम्माचा प्रसार चांगलाच झाला म्हणायचा! मग कळले की तो नव्वदच्या दशकातला अमेरिकन बँड आहे. सगळे हसले, मीही हसलो.

शेवटी एक मुलगी राहिली. सोळा वर्षांची, नेहमी पुढे होऊन बोलणारी. ती म्हणाली, "काका, माझे असे काही आवडते गाणे नाही."

मला ते खरे वाटले नाही, पण मी आग्रह केला नाही. नंतर खुर्च्या आवरताना ती स्वतःहून माझ्याशी बोलली. तिने जे सांगितले ते तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या परवानगीने, नाव न घेता, आज तुमच्यापुढे ठेवतो.

तिच्या फोनमध्ये तीन प्लेलिस्ट आहेत. पहिली शाळेसाठी. तिच्या वर्गातल्या भारतीय मुलामुलींचा एक गट आहे. एकदा बसमध्ये तिच्या फोनवर चुकून भीमगीत लागले. तिचे आजोबा नागपुरात जे गुणगुणायचे तेच. एका मुलीने विचारले, "हा भीम कोण?" हिने सांगितले. त्या मुलीचा दुसरा प्रश्न होता, "तुझे पूर्ण आडनाव काय?" बस्स, एवढेच. शिवी नाही, भांडण नाही. पण त्या दिवशी घरी जाऊन तिने शाळेच्या यादीतून सगळी भीमगीते काढून टाकली.

दुसरी प्लेलिस्ट विहारासाठी. त्यात भीमगीते आहेत, बुद्धवंदना आहे. त्यातून तिने कोरियन गाणी आणि रॅप काढून टाकले आहे. मी विचारले, "ते का काढलेस बेटा?" ती म्हणाली, "काका, एप्रिलमध्ये तुम्हीच माईकवर बोलला होतात ना."

मला आठवले. जयंतीच्या कार्यक्रमात मुलींनी एका कोरियन गाण्यावर नाच बसवला होता. तीन आठवडे सराव केला होता. नाच संपल्यावर मी माईक हातात घेऊन म्हणालो होतो, "मुलींची मेहनत चांगली आहे, पण हे आपले नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या नाचणाऱ्या मुलींमध्ये ही होती, हे मी पूर्ण विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

आणि तिसरी प्लेलिस्ट? तिच्यात सगळी गाणी एकत्र आहेत. आजोबांचे भीमगीत, त्याच्या खाली कोरियन गाणे, त्याच्या खाली रॅप. ती फक्त रात्री, कानात इअरफोन घालून ऐकायची. ती आजवर कोणीही ऐकलेली नाही.

बंधू-भगिनींनो, ज्या मुलीचे सर्वात आवडते ते जगापासूनही लपवलेले आहे आणि आपल्यापासूनही, तिला आपण 'तुझे आवडते गाणे कोणते' असे विचारले. ती 'काही नाही' म्हणाली. दुसरे काय म्हणणार?

त्या रात्री मला दीघ निकायातले सक्कपञ्ह सुत्त आठवले. तथागत राजगृहाच्या पूर्वेला वेदियक पर्वतावर इंदसाल गुहेत राहत होते. शक्राला त्यांना भेटायचे होते, पण ध्यानात असलेल्या तथागतांसमोर एकदम कसे जायचे, म्हणून त्याने पंचशिख नावाच्या तरुण गंधर्वाला पुढे पाठवले. गंधर्व आणि शक्र ही कथेतली पात्रे आहेत. बाबासाहेबांनी शिकवल्याप्रमाणे आपण ती विवेकाने घेऊ आणि कथा काय सांगते ते पाहू.

पंचशिख आपली बेलाच्या लाकडाची पिवळी वीणा घेऊन गेला, फार जवळ नाही, फार दूर नाही अशा अंतरावर उभा राहिला आणि गाऊ लागला. काय गायला असेल? बुद्धवंदना? नाही. तो सूर्यवच्छसा नावाच्या मुलीवर प्रेम करत होता, आणि ती दुसऱ्यावर प्रेम करत होती. पंचशिखाने गायले ते त्याचे प्रेमगीत होते! पण त्या प्रेमगीतातच बुद्ध आहेत, धम्म आहे, अर्हत आहेत. अर्हतांना धम्म जितका प्रिय, तितकी तू मला प्रिय, अशा अर्थाचे ते गाणे आहे. एका तरुणाच्या मनात जे जे होते ते सगळे एकाच गाण्यात आले होते. म्हणजे ती त्याची तिसरी प्लेलिस्टच म्हणा ना!

आता तथागतांनी काय केले ते पाहा. त्यांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले. मधेच थांबवले नाही. 'माझ्यासमोर असले गाणे?' असे म्हटले नाही. त्यांनी आधी कौतुक केले, की तुझ्या वीणेचा सूर आणि तुझ्या गळ्याचा सूर एकमेकांत मिसळतात, एक दुसऱ्याला दाबत नाही. आणि मग एक प्रश्न विचारला, की हे गाणे तू कधी रचलेस? त्यावर पंचशिखाने आपली सगळी गोष्ट सांगितली.

ज्यांनी स्वतः गीत-वाद्याचा त्याग केला होता, त्या तथागतांचे हे वागणे आहे. आपण उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेतो तेव्हा नृत्य-गीत-वादन यांपासून दूर राहतो. ते एका दिवसाचे प्रशिक्षण आहे. पण रोजच्या पंचशीलात गाण्याला मनाई नाही. सिगालोवाद सुत्तात नाचगाण्याच्या मागे धावत फिरण्याचे तोटे सांगितले आहेत, तेही खरे आहे. पण धावणे वेगळे आणि गाणे वेगळे. बाबासाहेबांनी तर उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते.

मी एप्रिलमध्ये माईकवरून निकाल दिला होता. तथागतांनी कौतुक केले आणि प्रश्न विचारला. हा फरक लक्षात आल्यावर मला रात्री झोप आली नाही.

आता मी माझी गोष्ट सांगतो, कारण त्या मुलीने तिची सांगितली.

मी २००३ साली या देशात आलो. सुरुवातीला आम्ही चौघे एका घरात राहत होतो, सगळे मराठी बोलणारे. माझ्याजवळ भीमगीतांच्या कॅसेट होत्या. त्या मी हेडफोन लावूनच ऐकत असे. कोणी खोलीत आले की कॅसेट बदलायची आणि नाट्यसंगीत लावायचे, असे मी ठरवूनच टाकले होते. नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला कोणी आडनाव विचारत नाही, असा माझा हिशेब होता. एकदा नागपूरहून बाबांचा फोन आला. मागे नाट्यपद चालू होते. बाबांनी विचारले, "काय ऐकून राहिला?" मी म्हणालो, "काही नाही बाबा, असंच." वामनदादा कर्डकांचा कार्यक्रम ऐकायला रात्री दहा-दहा मैल चालत जाणारा तो माणूस. तो पुढे काही बोलला नाही.

तीन वर्षे मी असे केले. त्या घरात मला कोणीही, काहीही वाईट बोलले नाही. मीच कोणाला बोलायची वेळ येऊ दिली नाही. ती मुले कशी होती, हे मला आजही सांगता येणार नाही. भीतीने माझे रक्षण केले असेल किंवा माझे मित्र हिरावून घेतले असतील. दोन्हीपैकी काय झाले, हे कळायची वाट मीच बंद केली होती.

तेव्हा त्या मुलीला 'घाबरू नकोस, बसमध्ये मोठ्याने भीमगीत लाव' असे सांगण्याचा अधिकार मला नाही. भीती उगीच नसते. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाला मोबाइलवरच्या भीमगीताच्या रिंगटोनवरून झालेल्या वादानंतर जिवे मारण्यात आले. इथे ब्रिटनमध्ये जातिभेदाविरुद्ध कायद्यात स्पष्ट तरतूद व्हावी, असे संसदेने २०१३ मध्ये ठरवले. पुढे २०१८ मध्ये सरकारने ती अमलात न आणण्याचे जाहीर केले. म्हणजे बसमध्ये आडनाव विचारणारा प्रश्न त्या मुलीच्या मनाचा खेळ नाही. आणि एखादी गोष्ट न सांगणे म्हणजे मुसावाद नव्हे. कधी, कुठे, कोणाला आपले गाणे ऐकवायचे, हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. त्याचा अपराधीपणा आपण मुलांवर लादू नये.

पण माझ्या गोष्टीचा दुसरा भागही आहे. ते नाट्यसंगीत मी दाखवण्यापुरते लावत होतो, पण तीन वर्षे ऐकता ऐकता ते मला मनापासून आवडू लागले. आजही रविवारी सकाळी मी आधी वामनदादांचे गाणे ऐकतो आणि मग नाट्यपद. मग खरा मी कोणता?

यावर संयुक्त निकायात वीणेचा एक सुंदर दृष्टान्त आहे. एका राजाने कधी वीणा ऐकली नव्हती. ऐकल्यावर तो मोहून गेला आणि म्हणाला, हा आवाज मला आणून द्या. लोकांनी वीणा आणून दिली. राजा म्हणाला, मला वीणा नको, आवाज हवा. लोकांनी सांगितले की महाराज, आवाज असा वेगळा ठेवलेला नसतो. भोपळा, दांडी, तारा, वाजवणाऱ्याचे कष्ट, हे सगळे एकत्र आले की तो उत्पन्न होतो. राजाने वीणा फोडली, तिचे शंभर तुकडे केले, जाळून राख केली. आवाज काही सापडला नाही.

मुलांनो, 'हे गाणे म्हणजेच मी' असे तुम्हाला वाटते, तेव्हा तुम्ही त्या राजासारखे वीणेत आवाज शोधत असता. आणि 'हे गाणे आपले नाही' असे मी म्हणालो, तेव्हा मीही तेच करत होतो. आवड ही कारणांनी उत्पन्न होते. आजोबांचा आवाज, शाळेतली मैत्रीण, एखादी एकटी संध्याकाळ, घरातली भाषा, या सगळ्या तारा आहेत. प्रल्हाद शिंदे यांची आठवण काढा. ज्या गळ्यातून भीमगीते आली, त्याच गळ्यातून विठ्ठलाची गाणीही आली आणि कव्वालीही. आषाढीला त्यांचा आवाज ज्या घराघरांत वाजतो, त्यातल्या कितीतरी घरांत त्यांचे भीमगीत कधी वाजले नसेल. एका गाण्यावरून माणूस ओळखू म्हटले तर तो निसटतोच.

मग कोणतेही गाणे ऐकले तरी चालते का? नाही. आवड कारणांनी घडते, म्हणूनच कारणे जपायची असतात. ज्या तारा रोज छेडाल, तसा सूर निघेल.

यासाठी मी मुलांना केसपुत्तच्या कालामांची गोष्ट सांगितली. कोणाचे ऐकायचे, हे कळत नाही असे कालामांनी म्हटले, तेव्हा तथागतांनी त्यांना यादी दिली नाही, कसोटी दिली. एखादी गोष्ट मनात आल्यावर लोभ, द्वेष, मोह वाढतो की कमी होतो, हे स्वतः पाहा. गाण्याला हीच कसोटी लावा. गाणे संपल्यावर एक मिनिट फोन बाजूला ठेवा. श्वास कसा चालला आहे? मनात कोण आहे? त्याच्याबद्दल मैत्री आहे की त्याला खाली दाखवायची इच्छा आहे?

ड्रिल ऐकणारा मुलगा म्हणाला, "पण काका, मी कोणाला चाकू मारणार नाही, मला फक्त बीट आवडते." मी म्हणालो, "खरे असेल. एक आठवडा बघ आणि मला सांग." पुढच्या रविवारी तो म्हणाला, "दोन गाण्यांनंतर काही वाटत नाही. एका गाण्यानंतर मी घरी आईशी रागाने बोलतो, असे लक्षात आले." त्याने ते गाणे काढले की ठेवले, मी विचारले नाही. जे त्याने स्वतः पाहिले, ते माझ्या शंभर भाषणांपेक्षा मोठे आहे.

आता मोठ्यांनो, हीच कसोटी आपल्या गाण्यांनाही लावावी लागेल. भीमगीत आहे म्हणून ते आपोआप कुशल होत नाही. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ सालचा जन्म, अक्षरओळख मोठेपणी झालेली. त्यांनी हजारो गाणी लिहिली आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेब पोहोचवले. आमच्या आजीला बाबासाहेबांचे लंडनचे शिक्षण, चवदार तळे, नागपूरची धम्मदीक्षा हे सगळे गाण्यांतून माहीत होते. ती गाणी म्हणजे तिची शाळा होती. आज कडूबाई खरात एकतारीवर गातात तेव्हा तीच शाळा पुन्हा भरते. पण डीजेच्या भिंतींवर वाजणारी काही गाणी अशीही आहेत, ज्यांत बाबासाहेबांचे नाव आहे आणि बाकी फक्त दुसऱ्याला डिवचणे आहे. ती ऐकल्यावरही एक मिनिट थांबा आणि मनात काय उरले ते प्रामाणिकपणे पाहा.

अन्यायाविरुद्धचा संताप म्हणजे द्वेष नव्हे, हेही सांगितले पाहिजे. चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ची तरुण मुले तमिळमध्ये रॅप करतात, जालंधरची गिन्नी माही पंजाबीत बाबासाहेबांवर गाते. त्या गाण्यांत ताप आहे, पण तो माणसाला उभे करणारा आहे. म्हणजे आपल्या मुलांना आवडणारे रॅप आणि आजोबांचे भीमगीत यांत आपल्याला वाटते तेवढे अंतर नाही. कदाचित त्या मुलीच्या तिसऱ्या यादीला हे आपल्या आधी कळले असेल.

शेवटचा मुद्दा. अंगुत्तर निकायात पंचशीलाला महादान म्हटले आहे. शील पाळणारा माणूस असंख्य जीवांना अभय देतो, म्हणून ते दान. आपण दर रविवारी पंचशील म्हणतो. पण आपल्या विहारात येणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला आपण अभय देतो का? बसमधली भीती आपण एका दिवसात घालवू शकत नाही. पण तिला विहारातही काही लपवावे लागत असेल, तर ती भीती आपली देणगी आहे, आणि ती आपण आजच परत घेऊ शकतो.

म्हणून वर्षावास संपेपर्यंत दोन गोष्टी करूया. घरी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलाने किंवा मुलीने एक गाणे लावायचे. मोठ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकायचे, मधे बोलायचे नाही. मग जे खरोखर आवडले ते एक सांगायचे, आणि एकच प्रश्न विचारायचा, 'हे गाणे तुझ्याकडे कधी आले?' त्यानंतर मोठ्यांनी आपले एक गाणे लावायचे आणि ते कधी, कोणाकडून आले ते सांगायचे. आणि मुलांनो, तुम्ही गाण्यानंतरचे ते एक मिनिट पाळायचे. ध्यान म्हणून नको, प्रयोग म्हणून करा.

एप्रिलमध्ये माईकवरून जे बोललो, त्याबद्दल मी त्या सर्व मुलींची याच माईकवरून क्षमा मागतो.

मागच्या रविवारी मुलांच्या वर्गात मी त्या मुलीला काही विचारले नाही. मी माझे गाणे लावले. आधी बाबांचे आवडते वामनदादांचे गीत, आणि त्याच्या मागोमाग ते नाट्यपद. ते कोणाला दाखवण्यासाठी लावायचो, हेही सांगितले. मुले शांत बसून ऐकत होती. गाणे संपले तेव्हा तिने विचारले, "काका, आजोबांना हे दुसरे गाणे आवडले असते का?"

बाबांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. मी म्हणालो, "माहीत नाही बेटा. मी त्यांना कधी ऐकवलेच नाही."

तुमच्या घरात ऐकवण्यासारखे आणि ऐकण्यासारखे जे आहे, ते वेळेवर ऐकवले जावो, ऐकले जावो.

साधु! साधु! साधु!
नमो बुद्धाय, जय भीम.